चौकोनाच्या मधोमध मामांची भट्टी

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (तो मी उभ्यानंच घातला आहे असं समजा. या खोलीत आठही अंगं जमिनीला टेकवायची म्हटली तर त्यातली दोन घरमालकिणीच्या हद्दीत जातात आणि ती लगेच दार वाजवते.)

पत्राला उशीर झाला. झाला म्हणजे मीच केला, आणि तोही चुकून नव्हे, चांगला ठरवून. पहिल्या वेळी लिहायला बसलो तर पेन कोरडं. रिफील आणायला खाली उतरलो तर कोपऱ्यावर एक माणूस छत्र्या दुरुस्त करत होता. छत्रीची मोडकी काडी तारेनं कशी बांधतात हे मी कधी पाहिलेलं नव्हतं, म्हणून जरा थांबलो. मग त्याला तार धरून दिली, मग त्याच्या डब्यातलं अर्धं जेवलो, आणि रिफील राहूनच गेली. दुसऱ्या वेळी 'तीर्थरूप मामा' इथवर आलो आणि पुढं काही सुचेना म्हणून स्टोव्ह घासायला घेतला. (आता त्यात स्वतःचं तोंड दिसतं, आणि ते पाहून पत्र लिहायची इच्छा आणखी कमी होते.) तिसऱ्या वेळी अख्खं पत्र लिहून झालं होतं, पण वाचून पाहिलं तर सगळा दोष माझाच आहे असं त्यातून स्पष्ट दिसत होतं. ते फाडलं. हे चौथं. यात मी जरा जपून लिहिणार आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कटकट वाजायचा, तो अजून वाजतो का? मामीला झोप लागते का, की अजून कुशीवर वळत सगळ्या नातेवाइकांची काळजी ओळीनं करते? (त्या ओळीत माझा नंबर हल्ली कुठं आहे तेवढं विचारून ठेवा.) आणि भट्टीची तब्येत? तिला मी शेवटी विचारतो आहे म्हणून राग मानू नका. घरात मान तिचाच पहिला हे मला माहीत आहे. स्वतःच्या लग्नातसुद्धा तुम्ही मधेच उठून तिच्यात लाकूड सारून आला होता, हे मामीनं मला निदान वीस वेळा सांगितलेलं आहे, आणि विसाव्या वेळीही ती हसली नव्हती.

नमनालाच घडाभर तेल गेलं. मुद्द्यावर येतो. तुम्हाला पालिकेची एक नोटीस आली असेल. येऊन आठवडा तरी झाला असेल. तुमच्या भट्टीतून शहराच्या त्या भागातला बहुतेक सगळा वाईट वायू बाहेर पडतो, तेव्हा येत्या सोमवारी सुनावणीला हजर राहा, नाहीतर भट्टीला टाळं लागेल, असा त्यातला मजकूर. शाईचे शिक्के वगैरे सगळं खरं आहे. ती नोटीस कशी निघाली हे मला जवळून ठाऊक आहे (किती जवळून ते पुढं येईल), आणि तेच सांगायला हे पत्र. समोर येऊन सांगता आलं असतं, शहर एकच आहे, बसही थेट येते. पण तुम्ही मागे म्हणाला होता की, पुन्हा उंबरठ्यावर दिसलास तर पाव सारायच्या फळीवर घालून आत ढकलीन. तुमचा हात अजून सराईत आहे आणि माझं वजन घटलं आहे, म्हणून पत्रच बरं.

तुमच्याकडून निघाल्यावर (तुम्ही हाकललं असं मामी म्हणते, मी निघालो असं मी म्हणतो, दोन्ही एकाच वेळी झालं) मी काही दिवस खुर्च्यांना पॉलिश केलं, मग एका फिरत्या दातांच्या डॉक्टरकडे त्याची खुर्ची उचलायला होतो. ती खुर्ची म्हणजे लोखंडाची म्हैस. गावोगाव ती उतरवायची, चढवायची, आणि पेशंट ओरडला की त्याचे पाय धरायचे. तिथं मला कळलं की माणसाला नेमका कुठला दात दुखतो हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. डावीकडं दाखवतो, निघतो उजवीकडं. हे मी उगाच सांगत नाही, पुढच्या गोष्टीशी याचा संबंध आहे. (होता. आता नेमका कसा जोडायचा होता ते आठवत नाही. असो.)

तर डॉक्टरनं ती खुर्ची विकली आणि मी मोकळा झालो. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की हवा मोजणाऱ्या कचेरीला एक माणूस हवा आहे. अट एकच, गच्चीची भीती नको. माझं शिक्षण सांगायला घेतलं तर बाईंनी हात वर करून थांबवलं आणि शिडीवर चढून दाखव म्हणाल्या. चढलो. नोकरी लागली. बाई म्हणजे तिथल्या मुख्य. डॉक्टर आहेत, पण औषधं देणाऱ्या नव्हेत, हवेच्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर 'अवलंबून आहे' या शब्दांनी सुरू करणाऱ्या. चहा घेणार का विचारलं तरी अवलंबून आहे म्हणतात. त्यांच्या हाताखाली एक तरुण आहे, त्याला सगळे गणिती म्हणतात. काडीसारखं अंग, खिशात कायम शेंगदाणे. दिवसभर संगणकासमोर बसून तो अख्ख्या शहराचा वारा इकडून तिकडं हलवतो, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकतो, पण मनानं सरळ. कचेरीच्या खिडक्या कायम बंद असतात, कारण बाहेरची हवा वाईट आहे. हे मला कुणी हसून सांगितलं नाही, म्हणून मीही हसलो नाही.

माझं काम गच्चीवरचं. तिथून एक नळी खाली यंत्रात जाते. नळी हवा हुंगते, यंत्र आकडा सांगतं. नळीचं तोंड पुसायचं, पारवे हाकलायचे, आणि जवळपास कुणाला विडी ओढू द्यायची नाही, एवढंच. पहिल्या महिन्यात मी आपणहून गच्चीच्या गंजक्या कठड्याला तेलरंग लावला. (काम करणाऱ्या माणसाला गंज बघवत नाही.) खाली गणिती एकदम उठून उभा राहिला. त्याच्या संगणकानं शोध लावला होता की शहराच्या पश्चिमेला रंगाचा एक मोठा कारखाना एका रात्रीत उभा राहिला आहे, आणि तो नदीच्या पात्रात आहे. दोघं नकाशावर वाकून बराच वेळ बोलले. मी हात पाठीमागे धरून उभा होतो. शेवटी बाईंनी वास घेतला, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या की कारखान्याला जेवायची सुट्टी द्या आणि हात धुऊन या.

आता हा संगणक काय करतो ते मला समजलं तसं सांगतो. बिऱ्हाडांनी भरलेल्या इमारतीत जिन्यात करपलेल्या दुधाचा वास येतो. कुणाचं दूध उतू गेलं ते दिसत नाही, दारं सगळी बंद. मग माणूस काय करतो? वारा कुठून येतो ते बघतो, वास किती उग्र आहे ते बघतो, आणि म्हणतो, दुसऱ्या मजल्यावरची. संगणक हेच करतो, फक्त जिन्याच्या जागी शहर घ्यायचं आणि दुधाच्या जागी गाड्यांच्या नि भट्ट्यांच्या धुरातला एक वायू. नळीत जेवढा वायू सापडला त्यावरून उलटं उलटं जात तो कुठून किती निघाला असेल ते काढायचं. याला ते मॉडेल म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पण दुसऱ्या मजल्यावरच्या बाईला जाऊन कुणी विचारलं की तुमचं दूध करपलं का, तर ती काय म्हणते ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि दर वेळी ती खोटंच बोलते असं नाही.

घोटाळे तीन आहेत. पहिला वाऱ्याचा. वारा मोजायचं चक्र आहे टेकडीवर, आणि तिथं तो सरळ वाहतो. आपल्या गल्ल्यांत तो सरळ वाहत नाही हे तुमच्या शेजारच्या शिंप्याला विचारा. लाकडाच्या वखारीशी वळण घेऊन तुमचा धूर बरोबर त्याच्या इस्त्रीच्या कपड्यांवर येतो, आणि टेकडीवर मात्र नोंद असते की वारा विरुद्ध दिशेला होता. दुसरा घोटाळा झाकणाचा. शहरावर म्हणे हवेचं एक झाकण असतं. सकाळी ते खाली असतं, दुपारी वर जातं. झाकण खाली असलं की थोडासा धूरही दाट लागतो. हे झाकण कुणी पाहिलेलं नाही. ते किती उंचीवर आहे हे गणिती ठरवतो, आणि त्यानं ते अर्धं खाली धरलं की धुराचा हिशेब कुठल्या कुठं जातो. तिसरा घोटाळा सगळ्यांत नामी. हा वायू उन्हात टिकत नाही, हवाच त्याला खाऊन टाकते. किती वेळात खाते? बाईंच्या भाषेत, अवलंबून आहे. म्हणजे असं बघा, पोत्यात उरलेलं धान्य पाहून ते मुळात किती भरलं होतं हे सांगायचं आहे, पण कोठारात उंदीर किती आहेत ते माहीत नाही. उंदीर जास्त मानले की भरलेलं धान्य जास्त निघतं. कमी मानले की कमी. आणि वर गंमत अशी की धान्य वाढलं की उंदीर वाढतात, कधी कधी जास्त खाऊन सुस्त होतात, त्यामुळे उंदरांचाही हिशेब धान्यावरूनच करावा लागतो. या उंदरांवरून बाई आणि गणिती यांची रोज दुपारी बाचाबाची होते. ती ऐकून मला हा विषय चांगला समजला आहे, असं मला वाटतं. बाईंना तसं वाटत नाही.

एवढं सगळं अंदाजपंचे असूनही माणसं प्रामाणिक आहेत, हे मी आवर्जून लिहितो. बाई प्रत्येक आकड्यापुढं त्याची चूकभूल लिहितात. कमीत कमी एवढं, जास्तीत जास्त एवढं. त्या म्हणतात, ही चूकभूल म्हणजेच खरं उत्तर, मधला आकडा नुसता शोभेचा.

आता तुमच्यापर्यंत येतो. मॉडेलला शहर दिसतं ते बुद्धिबळाच्या पटासारखं. एकेक चौकोन दोन-अडीच किलोमीटरचा. चौकोनाच्या आत काय आहे ते त्याला कळत नाही, अख्ख्या चौकोनाचा मिळून एकच आकडा येतो. तुमच्या चौकोनात बसचा डेपो आहे, ट्रक जायचा रुंद रस्ता आहे, कापड रंगवायचा कारखाना आहे, हॉस्पिटलचा बॉयलर आहे, आणि तुम्ही आहात. त्या चौकोनाचा आकडा दांडगा आला. नकाशावर दाखवायचा तर गणिती काय करतो, चौकोनाच्या बरोबर मधोमध एक लाल ठिपका ठेवतो. ठिपका मोठा म्हणजे धूर मोठा. मधोमध प्रत्यक्षात काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ठिपका कुठंतरी ठेवायला हवा, म्हणून मधे.

त्या दिवशी मी नळीचं तोंड पुसून खाली आलो होतो. गणिती नकाशाकडं बघत शेंगदाणे खात होता. त्यानं सहज, अगदी सहज विचारलं की या ठिपक्याच्या खाली काय आहे हो, तुमचा तो भाग ना? मी वाकून पाहिलं. वखार दिसली, शिंप्याची गल्ली दिसली, आणि मामा, खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. एवढ्या मोठ्या शहराच्या नकाशात, सरकारी कचेरीत, बरोबर मधे तुमचं छप्पर. मी म्हणालो, ही आमच्या मामांची भट्टी, शहरात तिच्यासारखा पाव कुठं मिळत नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण भट्टी किती वर्षं अखंड पेटलेली आहे, दिवसाला किती लाकूड खाते, आणि तिचा धूर पार डेपोतून दिसतो, हेही मी सांगितलं. कौतुकाच्या भरात डेपोच्या ऐवजी टेकडी म्हणालो. गणित्याला नकाशावर नावं लिहायची हौस आहे. त्यानं ठिपक्याशेजारी छान अक्षरांत टंकलं: मामांची भट्टी. मी त्याला 'मामांची' काढून तुमचं पूर्ण नाव घालायला लावलं, पत्त्यासकट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या क्षणी मला तो तुमचा सत्कार वाटला होता.

दुसऱ्या दिवशी पालिकेचे साहेब आले. साहेब वाईट नाहीत, घाईत आहेत. त्यांच्या वरच्यांनी त्यांना सांगितलं आहे की, शहराची हवा या वर्षात सुधारून दाखवा, आणि साहेबांकडं हवा नाही, फक्त शिपाई आणि कुलपं आहेत. त्यांनी नकाशा पाहिला. बाकीचे ठिपके नुसते ठिपके, एकालाच नाव आणि पत्ता. त्यांना जणू दिवा दिसला. बाई सांगत होत्या की ठिपका म्हणजे ती जागा नव्हे, अख्खा चौकोन आहे, पण साहेब पत्ता उतरवून घेत होते.

मी त्याच दिवशी बाईंकडं जाऊन सगळं सांगितलं. त्या चष्मा डोळ्यांवर आणून माझ्याकडं बघत राहिल्या. (चष्मा डोळ्यांवर येतो तो फक्त मोठ्या प्रसंगी.) मग आम्ही तिघं दुरुस्तीला लागलो. आधी बाईंनी साहेबांना चूकभुलीसकट आकडा लिहून पाठवला. चौकोनातला बाकीचा माल, म्हणजे डेपो, रस्ता, कारखाना, बॉयलर, अंदाजानं वजा केला, तर तुमच्या वाट्याला कमीत कमी उणे चार आणि जास्तीत जास्त अधिक अकरा असा काहीतरी हिशेब निघाला. उणे म्हणजे काय हे साहेबांनी विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या:

"म्हणजे ती भट्टी धूर सोडते किंवा धूर गिळते. आमच्या मॉडेलच्या मते दोन्ही शक्य आहे."

साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की त्यांच्या कागदावर आकड्यासाठी चौकट एकच आहे, तेव्हा मधला द्या. मधला म्हणजे साडेतीन. तो त्यांनी चौकटीत लिहिला, आणि शोभेचा आकडा कायद्याचा झाला.

मग गणित्यानं झाकण वर करून पाहिलं. आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढला. (झाकण वर म्हणजे धूर जास्त जागेत पसरला, तरी नळीत एवढा आला, म्हणजे मुळात जास्तच निघाला असणार. हे मला आधी विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं, कारण मला माहीत नव्हतं.) उंदीर कमी केले तर तुमचा आकडा उतरला, पण शेजारच्या चौकोनातली मुलींची शाळा शहरातली सगळ्यांत धुरकट जागा ठरली. वारा जरा फिरवला तर पुन्हा नदीतून धूर निघायला लागला. शेवटी मला युक्ती सुचली. म्हटलं, चौकोनच अर्धा सरकवा. पट कुठून मांडायचा हे काही देवानं ठरवून दिलेलं नाही. गणित्यानं सरकवला, तर मधोमध काय आलं? बागेतलं तळं. लाल ठिपका थेट पाण्यात, आणि आधीपेक्षा मोठा. मी नाचायचाच बाकी होतो. साहेबांना बोलावून दाखवलं की बघा, तुमच्या हिशेबानं आता तळं पेटलेलं आहे. साहेबांनी बघितलं आणि मान हलवली.

"तळ्याला नोटीस कुणाच्या नावानं काढू? भट्टीला मालक आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी म्हणणार होतो. पण तुम्ही संन्यासी आहात असं मामीपुढं शपथेवर सांगता येणार नाही, म्हणून गप्प बसलो.

एकदा मी गणित्याला गच्चीवरही नेलं. म्हटलं, एवढं शहर हलवतोस, एकदा डोळ्यांनी तर बघ. पूर्वेला एक बारीक पांढरा धूर सरळ वर चालला होता. मी अभिमानानं बोट दाखवलं: ती बघ, तीच आमची, बघ किती गरीब धूर आहे, याच्यासाठी कुणी टाळं लावतं का. तो बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिला आणि म्हणाला की दिशा चुकली असावी. तो हॉस्पिटलचा बॉयलर होता. तुमची चिमणी मला शेवटपर्यंत सापडली नाही. इतके दिवस तिच्या पायाशी राहिलो, पण गच्चीवरून सगळ्या चिमण्या सारख्याच. तेव्हापासून मी मॉडेलला नावं ठेवायचं थोडं कमी केलं आहे.

बाईंचं म्हणणं असं की, यातून सुटायची वाट एकच. लांबून उलटं गणित मांडण्यापेक्षा सरळ चिमणीच्या तोंडाशी छोटं यंत्र बसवायचं आणि किती वायू निघतो ते मोजायचं. भट्टी काही दिवस बंद ठेवून नळीत फरक पडतो का ते पाहता आलं असतं, पण ती बंद ठेवा असं तुम्हाला म्हणायची माझी छाती नाही. ती थंड पडली की विटा आकसतात, कमान तडकते, हे तुम्हीच मला शिकवलं आहे (पाव करपवायच्या आदल्या दिवशी). त्यामुळे तो विषय मी तिथंच मोडून काढला. बाईंना म्हणालो, आमचे मामा श्वास थांबवतील, भट्टी थांबवणार नाहीत.

तर परिस्थिती ही अशी आहे. नोटीस वाचून जिवाला लावून घेऊ नका. तुमचा गुन्हा काही नाही, तुम्ही फक्त मधोमध आहात. आणि भट्टी बांधताना ती एखाद्या दिवशी कुणाच्या चौकोनाच्या मधोमध येईल हे तुम्हाला कुठून कळणार?

बाकी इकडे सगळं ठीक. तुमचा माझ्यावरचा लोभ हल्ली किती आहे याचा नक्की आकडा मला माहीत नाही. उणे असला तरी सोमवारपर्यंत तो अधिकात धरावा ही विनंती. मामीला नमस्कार. शिंप्याला सांगा की वारा मी फिरवलेला नाही.

तुमचा एकुलता भाचा
(एकुलता असल्यामुळे सही केली नाही तरी ओळख पटेल)

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. चिमणीवर यंत्र बसवायला तुमची लेखी संमती लागते. साहेब म्हणाले आहेत की सोमवारच्या आत मोजमाप आलं तर ते सुनावणीत धरतील. यंत्राबरोबर गणिती येईल आणि त्याला तिथंच राहावं लागेल. तो फार खात नाही, शेंगदाणे त्याचे स्वतःचे असतात. यंत्राची नळी पुसायला आणि पारवे हाकलायला एक अनुभवी माणूसही लागतो. तो मी. म्हणजे मलाही आत यावं लागेल, फळीशिवाय. पिठाच्या पोत्यांवर झोपेन, जागेची अडचण नको. (घरमालकिणीनं मला महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली आहे, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. माझी झोपेत बोलायची सवय तिला सोसत नाही.)

ता. क. दुसरा. पत्र बंद करणार होतो, पण आजच कचेरीतून आलो ते एक वाईट बातमी घेऊन. या आठवड्याचा हिशेब लागला. तुमच्या चौकोनाचा आकडा कमी होणं सोडाच, मी इथं लागल्यापासूनचा सगळ्यांत मोठा आला आहे. तुमच्या वाट्याच्या चूकभुलीतली खालची बाजूसुद्धा या वेळी शून्याच्या चांगली वर आहे. गणित्यानं ठिपका इतका मोठा केला आहे की त्याखाली तुमचं नाव झाकलं गेलं. मामा, रागावू नका, पण या आठवड्यात तुम्ही एवढं काय भाजताय? नोटीस आल्याच्या रागानं भट्टी जास्त पेटवली असेल तर हात जरा आखडता घ्या. निदान सोमवारपर्यंत बिस्किटं नकोत, नुसता पाव. बाईंचा चष्मा दिवसभर डोळ्यांवर होता.

ता. क. तिसरा. पाकिटाला डिंक लावत होतो, तेवढ्यात दार वाजलं. घरमालकीण असेल म्हणून दार न उघडता आतूनच सॉरी म्हणालो. तर मामी. तुम्हाला न सांगता आली आहे. हातात पिशवीसुद्धा नाही. खाटेवर बसली, पाणी मागितलं, प्यायली नाही, पेला तसाच धरून ठेवला. मग म्हणाली की नोटीस आली त्याच दुपारी तुम्ही कुणाशी एक शब्द न बोलता सगळे निखारे बाहेर ओढले, त्यांच्यावर पाणी ओतलं, आणि कारागिरांना घरी जा म्हणालात. आठवडा झाला, भट्टी थंड आहे. तुम्ही समोरच्या पायरीवर बसून असता, जेवायला उठवावं लागतं. आज सकाळी तिनं भट्टीला हात लावून पाहिला तर भिंत गार होती आणि कमानीला केसाएवढी चीर गेलेली आहे. मला जाब विचारायला आली होती. तो तिनं विचारला, तो मी इथं लिहीत नाही.

बोलून झाल्यावर तिची नजर खाटेवरच्या पत्राकडं गेली. मी दुसरा ता. क. तिला वाचून दाखवला, दाखवू नये असं वाटत असताना. तिनं हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाली:

"भट्टी आठवडाभर बंद आहे. मग हा धूर कुणाचा?"

मामा, वर संमतीचं जे लिहिलं आहे ते रद्द समजा. गणिती येणार नाही, यंत्रही येणार नाही. बिस्किटांबद्दलचं तर आधी खोडा. भट्टी आता मात्र पेटवू नका. तुमचा हात कितीही शिवशिवला तरी सोमवारच्या सुनावणीपर्यंत काडी लावू नका, आणि कारागीर, शिंपी, वखारवाला, जो जो भट्टी थंड असल्याचं सांगेल त्याला बरोबर घेऊन या. (बाई म्हणतील की एका आठवड्यावरून काही सिद्ध होत नाही, अवलंबून आहे. म्हणू देत. साहेबांना एकच आकडा हवा होता ना, या आठवड्याचा घ्या म्हणावं, यातून भट्टी वजा करून दाखवा.) चिरीसाठी माती मी आणतो, कुठली ते मला आठवतं आहे. पत्र टपालात टाकत नाही, मामी घेऊन येते आहे. आणि मामी म्हणते की पत्राबरोबर मलाही घेऊन येते आहे, तेव्हा फळी जरा बाजूला ठेवा.